घंटा कोणाची?

ठाणें शहराच्या उत्तरेस, उल्हास नदीच्या खाडीकांठीं कोलशेत नांवाचें गांव आहे. एके काळीं तें खाडीवर जगणारें लहानसें खेडें होतें. आतां त्याच्या भोंवतीं उंच उंच इमारती उठल्या आहेत. तेथल्या कांठावरून जें पाणी दिसतें, तेंच पुढें घोडबंदराच्या अंगानें वळून वसईच्या किल्ल्याजवळ समुद्रास मिळतें. ह्या एका पाण्याच्या दोन्ही तीरांवर गेल्या पांचशें वर्षांत इतकीं राज्यें आलीं आणि गेलीं, कीं येथील जुन्या वस्तूकडे बोट दाखवून "ही कोणाची?" असें कोणीं विचारिलें, तर एका शब्दांत उत्तर देणें कठीण पडतें. आज आम्ही आपल्या वाचकांपुढें हाच प्रश्न ठेवीत आहों. वरवर पाहतां तो इतिहासाचा दिसतो. परंतु थोडा विचार केला म्हणजे तो नीतीचा आहे, आणि आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांच्या रोजच्या जीवनाशीं त्याचा निकट संबंध आहे, हें ध्यानांत येईल.

प्रश्न असा आहे: एखादी वस्तु, एखादें गाणें किंवा एखादी चाल दोन समाजांनीं वापरली असेल, तर तिच्यावर खरा हक्क कोणाचा? जिच्याजवळ ती प्रथम होती त्या समाजाचा, ज्यानें ती जिंकून घेतली त्याचा, कीं जो आज ती वापरीत आहे त्याचा?

उदाहरण आपल्या जवळचेंच घेऊं. वसई इ. स. १५३४ त पोर्तुगीजांच्या हातीं आली. पुढें दोनशें वर्षें वसई, साष्टी आणि ठाणें ह्या मुलुखावर त्यांचा अंमल होता, व त्या काळांत येथें पुष्कळ चर्चें उभीं राहिलीं. १७३७ त मराठ्यांनीं ठाणें घेतलें, आणि मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई सर केली. त्या विजयानंतर त्या बाजूच्या चर्चांतील कित्येक घंटा घाट चढून देशावर गेल्या आणि तेथील देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकास पंचवटींत गोदावरीच्या कांठीं १७४७ त बांधलेलें नारोशंकराचें देऊळ आहे. त्याच्या तटावरील मोठ्या घंटेवर १७२१ हें साल आहे. वाईजवळ मेणवलीस, नाना फडणविसांच्या वाड्याखालीं कृष्णेच्या घाटावर जी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर १७०७ हें साल असून मरीया व बाळ येशू यांची आकृति आहे. भीमाशंकराच्या देवळापाशींहि अशीच एक घंटा आहे. ज्या वाचकांस पंढरीच्या किंवा नाशिकच्या बाजूस जाण्याचा योग येईल, त्यांनीं वाट थोडी वांकडी करून ह्या घंटा पाहाव्या.

आतां मेणवलीच्या त्या घंटेवर हक्क सांगणारे किती आहेत तें पाहा. वसईकडील ख्रिस्ती मनुष्य म्हणेल, "हिनें आमच्या पूर्वजांस प्रार्थनेस बोलाविलें, तिच्यावरील आकृतीच आमची साक्ष देते." मराठ्यांच्या इतिहासाचा अभिमानी म्हणेल, "वसईच्या तटाखालीं आमच्या माणसांनीं रक्त सांडलें, त्याची ही खूण आहे." मेणवलीचा गांवकरी म्हणेल, "तुमचीं भांडणें तुमच्यापाशीं. माझ्या आज्याच्या आज्यानेंहि हिचाच नाद ऐकला." तिघांच्याहि म्हणण्यांत कांहीं तरी सत्य आहे. आणि गांवकऱ्याचें म्हणणें तर हिशेबानें पाहतां फारच बळकट दिसतें. १७०७ त ओतलेली घंटा १७३९ त गेली. म्हणजे ख्रिस्ती मनोऱ्यावर ती फार तर बत्तीस वर्षें वाजली, आणि देशावर तिला पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. नाशिकच्या घंटेचे ख्रिस्ती दिवस तर अठरांहून अधिक वर्षांचे नव्हत. आज गोदावरीस पूर चढला म्हणजे पाणी नारोशंकराच्या घंटेस लागलें कीं नाहीं, हें नाशिककर विचारतात. परक्या मनोऱ्यावरून आलेली घंटा नदीच्या पुराचें माप होऊन बसली!

परंतु काळ लोटल्यानें हक्क सिद्ध होतो काय? ज्यांनीं राजांचीं पुस्तकें वाचलीं आहेत, त्यांस नाबोथाच्या मळ्याची गोष्ट ठाऊक आहे. अहाब मेला, त्याचा मुलगा गादीवर बसला, तरी त्या शेताची आठवण बुजली नव्हती. येहूनें ती बरोबर वर काढिली. कबजा जुना झाला म्हणून पहिला अन्याय न्याय होत नाहीं. उलट, जो प्रथम होता त्याचाच हक्क, असा नियम बांधिला, तर ह्या पृथ्वीवर कोणाच्याहि पायांखालीं त्याची स्वतःची अशी हातभर जमीन उरणार नाहीं. आणि जिंकला त्याचा हक्क, असें म्हणणें तर बळी तो कान पिळी ह्या म्हणीस शास्त्र बनविण्यासारखेंच आहे. सारांश, तिन्ही मापें आखूड पडतात.

असा वाद किती दूर जाऊं शकतो, हें समुद्रापलीकडील दोन राष्ट्रांवरून कळतें. ग्रीक लोक तुर्की सुलतानांच्या सत्तेखालीं सुमारें चारशें वर्षें होते. इतकीं वर्षें एका बाजारांत आणि एका गल्लींत राहिल्यावर खाणेंपिणें, वाद्यें, खेळ यांची सरमिसळ व्हावी यांत नवल नाहीं. लहानशा भांड्यांत उकळून गाळासकट पेल्यांत ओततात ती कॉफी दोघेहि पितात. ग्रीस देशांत तिला पूर्वीं सर्रास तुर्की कॉफी म्हणत. १९७४ त तुर्कस्थानानें सायप्रस बेटावर सैन्य उतरविलें, त्यानंतर तिला ग्रीक कॉफी म्हणण्याचा प्रघात बळावला. कॉफी मात्र होती तीच राहिली. बाहुल्यांच्या छाया पडद्यावर नाचविण्याचा एक खेळहि दोघांस प्रिय आहे. आपल्याकडे कुडाळजवळ पिंगुळीस ठाकर लोक चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करितात, त्याच जातीचा तो आहे. त्यांतील नायकास तुर्क कारागोझ म्हणतात आणि ग्रीक कारागिओझिस म्हणतात. २००९ त युनेस्को संस्थेनें हा खेळ तुर्कस्थानच्या नांवें आपल्या यादींत घेतला, तेव्हां ग्रीस देशांत नाराजी उमटली. ज्या खेळावर दोन्हीकडचीं मुलें हंसतात, त्यावरून मोठीं माणसें रुसलीं.

येथवर गोष्ट हंसण्याजोगी आहे. पुढें तशी राहत नाहीं. १९२३ त दोन्ही सरकारांनीं लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. तुर्कस्थानांतील ग्रीक मंडळीच्या ख्रिस्ती लोकांनीं ग्रीसमध्यें जावें व ग्रीसमधील मुसलमानांनीं तुर्कस्थानांत यावें, असें ठरलें. ह्या घालमेलींत पंधरा लक्षांच्या आसपास माणसें घरादारांस मुकलीं. कोण कोणाचा, हें ठरविण्यास केवळ धर्माचें माप लाविलें होतें. अनातोलियाच्या पठारावर करामानली नांवाचे ख्रिस्ती लोक होते. त्यांची बोली तुर्की, ते ती ग्रीक अक्षरांत लिहीत. त्यांस ग्रीसमध्यें पाठविलें, आणि तेथें त्यांची भाषा शेजाऱ्यांस कळेना. क्रीट बेटावरील मुसलमान ग्रीक बोलत. त्यांस तुर्कस्थानांत पाठविलें, आणि तेथें ते परके ठरले. "हें आमचें, तें तुमचें" अशी वांटणी वस्तूंवरून माणसांवर आली म्हणजे काय होतें, तें येथें दिसतें.

इमारतींचीहि तीच कथा आहे. इस्तंबूल येथील हागिया सोफिया हें भव्य मंदिर ५३७ त चर्च म्हणून पुरें झालें, १४५३ त मशीद झालें, १९३५ त संग्रहालय म्हणून लोकांस खुलें झालें, आणि २०२० त पुन्हां मशीद झालें. ज्या थेस्सलनीकेच्या मंडळीस पौलानें पत्रें लिहिलीं, त्या नगरांत एक जुनी रोमी गोल इमारत आहे. ती चर्च झाली, पुढें मशीद झाली, आणि १९१२ त नगर ग्रीकांच्या हातीं आल्यावर पुन्हां चर्च झाली. तिच्याजवळचा मनोरा मात्र पाडला नाहीं. तो आजहि उभा आहे. ह्या शेवटल्या गोष्टीकडे वाचकांनीं लक्ष द्यावें, कारण पुढें तिचा उपयोग होणार आहे.

आतां पुन्हां आपल्या खाडीकडे येऊं. घंटांची हकीकत सांगून जो ख्रिस्ती मनुष्य थांबतो, तो अर्धाच हिशेब वाचून दाखवितो. बोरिवलीस मंडपेश्वराचीं लेणीं आहेत. तीं शैव लेणीं होतीं. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज पाद्र्यांनीं त्यांचें चर्च केलें, आणि लेण्यांतील एका भिंतीवर मूर्ति होत्या तेथें क्रूस कोरला. तो क्रूस अद्यापि तेथें दिसतो. वसई पडल्यानंतर मराठ्यांच्या काळांत तेथें पुन्हां शिवाची पूजा सुरू झाली. गोव्यांत तर सोळाव्या शतकाच्या मध्यापासून देवळेंच्या देवळें पाडलीं गेलीं, आणि पुष्कळ कुटुंबें आपले देव घेऊन नदीपार गेलीं. वसईची घंटा घाट चढली ती १७३९ त. देव नदीपार गेले ते त्याच्या दोनशें वर्षें आधीं.

येथें आपल्यांतील एखादा बंधु म्हणेल, "तें कृत्य रोमन मंडळीच्या पाद्र्यांचें आणि एका परक्या राजाचें, आपला त्याशीं काय संबंध?" ठीक आहे. मग घंटेशीं तरी आपला काय संबंध? ती घंटाहि त्याच मंडळीची व त्याच राज्यांतली. पूर्वजांची घंटा आपली म्हणावयाची, आणि त्याच पूर्वजांचा हातोडा दुसऱ्याचा म्हणावयाचा, हा व्यवहार खरा नव्हे. बापाच्या मागें शेत घेतो त्यास बापाचें कर्जहि घ्यावें लागतें, हें खेड्यांतील अडाणी मनुष्यासहि समजतें. हाच नियम दुसऱ्या पक्षासहि लागू आहे. जो मंडपेश्वराचा क्रूस दाखवून संतापतो, त्यानें मेणवलीच्या घंटेसमोर क्षणभर उभें राहावें. ज्यास वारसा पाहिजे, त्यानें तो सगळा घ्यावा.

ह्यावरून पहिला नियम निघतो: खूण पुसूं नये. मेणवलीच्या घंटेवरील मरीयेची आकृति कोणीं घांसून काढिली नाहीं. नारोशंकराच्या घंटेवरील परकें साल कोणीं खरडून टाकिलें नाहीं. मंडपेश्वराचा क्रूस पुढील काळांत तसाच राहिला, आणि थेस्सलनीकेचा मनोरा तसाच राहिला. घेणाऱ्यानें घेतलें, परंतु घेतलें असें त्या वस्तूस सांगूं दिलें. आमच्या मतें ही लहान गोष्ट नाहीं. चोरी करणारा प्रथम खूण पुसतो. बैलाच्या पाठीवरचा डाग बदलतो, भांड्यावरचें नांव घांसतो. जेथें खूण तशीच आहे, तेथें सत्यास उभें राहण्यास जागा आहे, आणि जेथें सत्यास जागा आहे तेथें आज ना उद्यां शेजाऱ्यांस एकमेकांशीं बोलतां येईल. म्हणून कोणीं शाळेच्या पुस्तकांतून, पाटीवरून किंवा मुलांच्या गोष्टींतून जुन्या धन्याचें नांव गाळूं लागला, तर ती वस्तु आज आपल्या ताब्यांत असो वा त्याच्या, आपण त्यास नको म्हणावें.

परंतु खूण राखली, तरी वस्तु कोणाजवळ राहावी, हा प्रश्न उरतोच. कोणी शास्त्राचा आधार घेऊन विचारील कीं, नबुखद्नेस्सरानें यरुशलेमेच्या मंदिराचीं भांडीं बाबेलास नेलीं, बेलशस्सरानें तीं मेजवानींत वापरलीं, आणि कोरेश राजानें तीं परत दिलीं. तर मग घंटा परत मागण्यांत दोष काय? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. एज्राच्या पुस्तकांत त्या भांड्यांची मोजदाद दिली आहे. सगळीं मिळून पांच हजार चारशें भरलीं. पण दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक, तीं कोरेशानें आपण होऊन दिलीं. परत देणें हा ज्याच्या हातांत वस्तु आहे त्याचा सद्गुण आहे, आणि तो दुसऱ्याकडून ओढून घेतां येत नाहीं. दुसरी, तीं भांडीं घेऊन लोक मंदिर पुन्हां बांधावयास निघाले होते. वसईच्या किल्ल्यांतील तीं जुनीं चर्चें आज छपरांवांचून उभीं आहेत, आणि त्या तालुक्यांतील मंडळ्यांचीं आजचीं चर्चें व त्यांच्या घंटा निराळ्या आहेत. मेणवलीचा घाट मुका करून वसईचें कोणतें घर पुरें होणार आहे? शिवाय इस्राएल लोक मिसर देश सोडतांना मिसरी शेजाऱ्यांचें सोनेंरुपें बरोबर घेऊन निघाले, हेंहि त्याच शास्त्रांत लिहिलें आहे. कोणत्याहि राष्ट्राचा पेटारा उघडा, त्यांत दुसऱ्याचें कांहीं तरी सांपडेल.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आमचें हें बोलणें कोणीं चुकीच्या ठिकाणीं लावूं नये. ज्या गरिबाचें शेत गेल्या सालीं बळकाविलें, ज्या विधवेचें घर दिरानें लुबाडलें, त्यांस "जुनें विसरा, शांति धरा" असें सांगणें हा अन्याय आहे. ज्याचा अपराध झाला तो मनुष्य जिवंत आहे, आणि ज्यानें केला तोहि जिवंत आहे. तेथें जक्कयाचाच मार्ग खरा. त्यानें घेतलें तें चौपट परत देण्याचें कबूल केलें. परंतु घेणारे आणि देणारे दोघेहि मातीस मिळून आठ-दहा पिढ्या झाल्यावर जो लढा उरतो, तो बहुधा हरवलेल्या वस्तूसाठीं नसतो, अभिमानासाठीं असतो. ह्या दोहोंतील भेद आपल्या उपदेशकांनीं नीट समजून घ्यावा.

एकच वस्तु आणि दोन हक्कदार असतील, तर शलमोनाच्या न्यायसभेची आठवण धरावी. दोन स्त्रिया, एक बालक. राजानें तलवार मागविली. एकीस वांटणी चालली. दुसरीनें हक्क सोडण्याची तयारी दाखविली, परंतु बालकाचा जीव तिला सोडवेना. खरी आई कोण, हें राजास तेवढ्यावरून कळलें. वारशाच्या भांडणांतहि आम्हांस हीच कसोटी योग्य वाटते. वस्तु माझी न झाली तरी चालेल, पण ती अखंड राहो, असें ज्याच्या तोंडून निघतें तो खरा वारस. आणि माझी नसेल तर ती तुझीहि नको, असें जो म्हणतो, त्यानें आपला हक्क आपल्याच तोंडानें बुडविला. कल्याणजवळ मलंगगड आहे. तेथें हाजी मलंग यांचा दर्गा आहे असें मुसलमान मानतात, व मच्छिंद्रनाथांची समाधि आहे असें पुष्कळ हिंदु मानतात. माघी पौर्णिमेस तेथें जत्रा भरते, आणि कल्याणच्या एका ब्राह्मण घराण्याकडे तेथील वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गेल्या चाळीसपंचेचाळीस वर्षांत "हें स्थान कोणाचें" हा वाद तेथें पेटला. त्याआधीं कित्येक पिढ्या लोकांनीं तो डोंगर चढतांना एकमेकांस नांव विचारिलें नव्हतें असें नाहीं. नांवें दोन आहेत हें सर्वांस ठाऊक होतें. तरी पायऱ्या दोघांनाहि पुरत होत्या.

घंटा किंवा डोंगर हीं तरी एकेरी वस्तु आहेत. एक घंटा एका वेळीं दोन मनोऱ्यांवर टांगतां येत नाहीं. परंतु आपण ज्यास वारसा म्हणतों त्याचा मोठा भाग असा नसतोच. ओवी मीं म्हटली म्हणून शेजारणीच्या जात्यावरची ओवी संपत नाहीं. एका पणतीवरून दुसरी लाविली म्हणून पहिलीचें तेल कमी होत नाहीं. येथें "माझें" म्हणण्यास हरकत नाहीं; "तुझें नव्हे" म्हणणें तेवढें खोटें आहे. वसई तालुक्यांत कादोडी नांवाची बोली आहे. ती सामवेदी ब्राह्मणहि बोलतात आणि त्याच बाजूचे कुपारी ख्रिस्ती लोकहि बोलतात. देवळाची वाट निराळी झाली, पण आई मुलास जेवावयास बोलाविते तो शब्द एकच राहिला. ती बोली कोणाची, असें विचारणाऱ्यास दोन्ही घरांतून एकच उत्तर मिळेल, आणि दोन्हीं उत्तरें खरीं असतील.

आमच्या वाचकांस ह्या विषयाची खरी गरज येथेंच आहे. आपल्या मंडळ्यांतील लोकांस दोन बाजूंनीं दोन आवाज ऐकूं येतात. बाहेरचा एक आवाज म्हणतो, "तुम्ही धर्म बदलला, आतां अभंग, ओवी, कीर्तन, टाळमृदंग हें आमचें, तें तुम्ही कशाला धरितां?" आंतला दुसरा आवाज म्हणतो, "जुन्या घरचें सगळेंच टाका. त्या चालीहि टाका, ते शब्दहि टाका." दोन्ही आवाज एकमेकांस विरोधी वाटतात, परंतु दोघांचें म्हणणें एकच आहे: हा वारसा तुमचा नव्हे. गोव्यांत १६१६ त फादर स्टीफन्स ह्या इंग्रज पाद्र्यानें ओवीवृत्तांत ख्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध केलें, तें मराठींत. परदेशांतून आलेल्या मनुष्यानें जी भाषा पोटाशीं धरिली, तीच देशी भाषा लोकांनीं सोडावी असा हुकूम पोर्तुगीज सरकारनें १६८४ त काढिला! पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ त बाप्तिस्मा घेतला, आणि अभंग व कीर्तन हीं बरोबरच आणिलीं. त्यामुळें पंढरीच्या वारकऱ्याचा एकहि अभंग कमी झाला नाहीं. अथेनैस पौल बोलावयास उभा राहिला, तेव्हां त्यानें ग्रीक कवींच्याच शब्दांचा आधार घेतला, हें आपले उपदेशक जाणतातच.

आणखी एक प्रश्न आमच्या कांहीं बंधूंच्या मनांत खोल रुतलेला असतो, तो टाळून पुढें जातां येत नाहीं. ते म्हणतात, "ज्या देवळाच्या पायरीपलीकडे आमच्या वाडवडिलांस जाऊं दिलें नाहीं, त्या देवळांतील गाण्याचा वारसा आमचा कसा?" ह्या प्रश्नामागें जें दुःख आहे, त्यास उत्तर देण्याआधीं मान दिला पाहिजे. पण चोखामेळ्याकडे पाहा. तो बाहेर उभा राहिला, आणि बाहेर उभ्या राहिलेल्याच्या तोंडून निघालेले अभंग आज आंत गायिले जातात. त्याची समाधि पंढरीच्या महाद्वारापाशीं आहे. आंत जाणारा प्रत्येकजण तिच्याजवळून जातो. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ त तें दार सर्वांस उघडलें. परंतु त्याच्या सहाशें वर्षें आधींच चोखोबाचे शब्द आंत गेले होते. मग अभंग हा केवळ आंतल्यांचा वारसा कसा? ज्यांस बाहेर ठेविलें त्यांनींच त्याचा एक खांब उभा केला आहे. तो आपला म्हणण्यास आमच्या बंधूंनीं कोणाचीहि परवानगी मागूं नये, आणि तो आपला म्हणतांना शेजारच्या वारकऱ्यास परका म्हणूं नये.

तेव्हां घंटा कोणाची, ह्या प्रश्नास आमचें उत्तर असें आहे. ताबा म्हणाल तर तो मेणवलीचा आहे, आणि तो तसाच राहण्यास आमची हरकत नाहीं. आठवण म्हणाल तर ती वसईचीहि आहे, आणि ती कोणीं हिरावून घेऊं नये. नाद म्हणाल तर जो ऐकतो त्याचा आहे. घाटावर उभा राहून कोणी ख्रिस्ती मनुष्य त्या घंटेचा नाद ऐकेल, तर त्यानें मनांत राग धरूं नये. आणि कोणी हिंदु मनुष्य तिच्यावरील आकृति पाहील, तर ती कोण, हें त्यानें आपल्या मुलास खरें तें सांगावें. मंडपेश्वरांत गेल्यावर आपणहि आपल्या मुलांस तो क्रूस तेथें कसा आला, हें तितक्याच खरेपणानें सांगूं. ग्रीक आणि तुर्क यांनीं जें कॉफीच्या पेल्यावरून सुरू केलें नाहीं, पण ज्याची छाया कॉफीच्या पेल्यावरहि पडली, तें वैर आपल्या खेड्यांत येऊं द्यावयाचें नसेल, तर त्याची तयारी अशा लहान गोष्टींपासूनच करावी लागते. पुढील मेळ्यांत गायनाच्या वेळीं शेजारच्या वस्तींतील भजनी मंडळींसहि बोलवावें, आणि त्यांचा मृदंग व आपले अभंग एका ओसरीवर बसवावे, अशी आमची उपदेशक बंधूंस नम्र सूचना आहे.